बागेतली बार्शी लाइट : प्रतिकृतीकडून काय मागावे?

शालेय विज्ञान प्रदर्शनात आगगाडी मांडलेली नाही, असे वर्ष विरळाच. थर्मोकोलचे फलाट, पुठ्ठ्याचे सिग्नल, लंबगोल रूळ आणि त्यावर एकसारखी फिरणारी सेलवरची गाडी. परीक्षक येतात, मुलांनी पाठ केलेली माहिती ऐकतात, रंगकाम नीटनेटके असल्याची नोंद करतात आणि पुढच्या टेबलाकडे वळतात. या गाडीने नेमके काय शिकवले, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तो आम्हाला येथे विचारायचा आहे. मात्र त्यासाठी टेबलावरची गाडी न घेता बागेत किंवा शाळेच्या आवारात कायमची बांधायची नॅरोगेज आगगाडी आपण विचारात घेऊ. पुस्तकाचे किंवा नाटकाचे परीक्षण करताना ती कृती काय सांगू पाहते, ते कितपत साधते आणि कुठे निसटते हे आपण तपासतो. प्रतिकृतीलाही हीच कसोटी लावायला हरकत नसावी.

सोलापूर जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. मुंबईहून येणारा ब्रॉडगेज मार्ग सोलापूरला १८६० साली पोहोचला. पुढे होटगीहून विजापूर-गदगकडे मीटरगेज मार्ग गेला आणि कुर्डुवाडीहून बार्शी लाइट रेल्वेचा नॅरोगेज मार्ग निघाला. एकाच जिल्ह्यात तीन मापांचे रूळ होते. आज सर्वत्र ब्रॉडगेज आहे. बार्शी लाइटचा मार्ग २००० सालानंतरच्या दशकभरात टप्प्याटप्प्याने रुंद झाला. आज शाळेत असलेल्या मुलांनी ती गाडी पाहिलेली नाही आणि पुढेही पाहणार नाहीत. म्हणून या भागातल्या एखाद्या शाळेने बागेत नॅरोगेज गाडी बांधायचे ठरवले, तर ती बार्शी लाइटचीच असावी असे कोणालाही वाटेल. आम्हालाही तसेच वाटते. परंतु ती कशी असावी, याबाबत मात्र नेहमीच्या समजुतीपेक्षा आमचे मत वेगळे आहे.

मूळ कृती

प्रतिकृतीचे परीक्षण करण्याआधी मूळ कृती समजून घेतली पाहिजे. बार्शी लाइटचे शिल्पकार एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे पूर्वी जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरीत होते. बार्शीच्या बाजारपेठेत गोळा होणारा कापूस आणि धान्य मुख्य मार्गापर्यंत आणायचे, पण पूर्ण मापाच्या रेल्वेचा खर्च परवडण्यासारखा नव्हता. कॅलथ्रॉप यांनी २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर अंतराचे रूळ निवडले. बार्शी रोड म्हणजे आजचे कुर्डुवाडी ते बार्शी गाव हा सुमारे ३५ किलोमीटरचा मार्ग १८९७ साली सुरू झाला. १९०६ मध्ये तो पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचला. एकूण लांबी सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास भरली. १९५४ साली हा मार्ग सरकारने ताब्यात घेतला.

रुळांमधले अंतर कमी केले एवढेच कॅलथ्रॉप यांचे वैशिष्ट्य मानले तर मुख्य मुद्दा सुटतो. रूळ किती जड हवा, हे मुख्यतः गाडीच्या एकूण वजनावरून ठरत नाही. चाकांची जोडी ज्या दांड्यावर बसते त्या एकेका ॲक्सलवर किती भार येतो, यावरून ते ठरते. एक ॲक्सल दहा टनांचा आणि बाकीचे तीन टनांचे असतील, तर साऱ्या मार्गावर दहा टनांना पुरेल असा रूळ घालावा लागतो. कॅलथ्रॉप यांनी इंजिन असो वा वाघीण, कोणत्याही ॲक्सलवर पाच टनांपेक्षा अधिक भार येऊ द्यायचा नाही असा नियम केला. त्यामुळे यार्डाला ३० पौंड, म्हणजे मीटरला सुमारे १५ किलो वजनाचा हलका रूळ पुरला. लीड्सच्या किटसन कंपनीने बनवलेल्या पहिल्या इंजिनांना आठ जोडचाके आणि मागे चार लहान चाके होती. म्हणजे सहा ॲक्सल, आणि वजन तीस टनांच्या आत. चार ॲक्सलची वाघीण मालासकट वीस टनांपर्यंत जाऊ शकत होती. ‘लाइट’ या शब्दाचा खरा अर्थ हा आहे. भार सगळीकडे सारखा वाटला, म्हणून हलक्या रुळावरून भरपूर माल नेता आला.

आता कसोटी स्पष्ट झाली. बार्शी लाइटची प्रतिकृती पाहून हा विचार मुलाला कळला, तर ती प्रतिकृती चांगली. न कळला, तर ती बार्शी लाइटसारखी दिसणारी एक गाडी, एवढेच.

मापाची निवड

बागेतल्या गाड्यांसाठी परदेशात ३२ आणि ४५ मिलिमीटर अशी रुळांची दोन मापे रूढ आहेत. जर्मनीतील लेमान कंपनीने १९६८ पासून ‘एलजीबी’ नावाने आणलेल्या गाड्या ४५ मिलिमीटरच्या रुळांवर धावतात आणि त्यांचे प्रमाण १:२२.५ असते. ४५ ला २२.५ ने गुणले की १०१२ मिलिमीटर येतात. म्हणजे तो संच मीटरगेजचा झाला. तो आणून त्यावर ‘बार्शी’ अशी पाटी लावली, तर आपण होटगी-गदगच्या रुळांवर बार्शीची गाडी चालवत असतो. ही चूक फार सहज होते. कारण ‘नॅरोगेज’ हा शब्द पुष्कळदा ब्रॉडगेजपेक्षा अरुंद असलेल्या कशालाही लावला जातो.

७६२ ला ३२ ने भागल्यास २३.८ येतात. म्हणून ३२ मिलिमीटरच्या रुळांवर १:२४ हे प्रमाण जवळजवळ तंतोतंत बसते. त्याच प्रमाणात ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर म्हणजे ७० मिलिमीटर होतात. हा आकडा पुढे आपल्याला लागणार आहे. एवढा भागाकार सातवीच्या वर्गाला करता येतो आणि तो त्यांच्याकडूनच करून घ्यावा. गाडी विकत आणण्यापूर्वीच तिच्यातले गणित सुरू होते.

वळणांचाही विचार याच वेळी करावा. जागेच्या अडचणीमुळे बागेत एक मीटर त्रिज्येचे वळण सर्रास घेतले जाते. १:२४ प्रमाणात ते मूळच्या २४ मीटरचे होते. असे वळण माथेरानच्या डोंगरात शोभेल, बार्शीच्या माळावर नाही. जागा नसेल तर वर्तुळ पुरे करण्याचा हट्ट सोडून द्यावा. दोन टोकांना दोन स्थानके असलेला वीस मीटरचा जवळजवळ सरळ मार्ग मूळ रेल्वेच्या अधिक जवळचा आहे. खरी गाडीही बार्शीहून निघून कुर्डुवाडीला पोहोचत होती, गोल फिरत नव्हती.

प्रतिकृती कुठे फसवते

आता मुख्य आक्षेप. लांबी २४ पट कमी केली की क्षेत्रफळ २४ च्या वर्गाने, म्हणजे ५७६ पट कमी होते, आणि घनफळ २४ च्या घनाने, म्हणजे १३,८२४ पट कमी होते. द्रव्य तेच असेल तर वजनही १३,८२४ पट घटते. तीस टनांचे इंजिन सुमारे २.२ किलोचे होते आणि पाच टनांचा ॲक्सलभार सुमारे ३६० ग्रॅमचा. परंतु हा भार पेलणाऱ्या रुळाच्या छेदाचे क्षेत्रफळ केवळ ५७६ पटींनीच घटलेले असते. परिणामी रुळावरचा ताण मूळच्या चोविसाव्या हिश्शावर येतो. त्यातच बागेत पाय पडला तरी टिकावा म्हणून रूळ प्रमाणापेक्षा उंच घेतात. मुळातल्या सुमारे ८० मिलिमीटर उंचीच्या रुळाचे १:२४ प्रमाणात सव्वातीन मिलिमीटर व्हायला हवेत. बागेतला रूळ सहा ते आठ मिलिमीटरचा असतो.

याचा अर्थ असा, की कॅलथ्रॉप यांना ज्या अडचणीतून वाट काढायची होती ती अडचण प्रतिकृतीत उरतच नाही. सारा भार एकाच ॲक्सलवर टाकला तरी बागेतला रूळ तक्रार करणार नाही. इंजिन जितके हुबेहूब, रंग जितका अचूक, तितकी ही फसवणूक अधिक बेमालूम होते. पाहणाऱ्याला वाटते की आपण बार्शी लाइट पाहिली. प्रत्यक्षात बार्शी लाइट ज्या कारणासाठी तशी होती ते कारणच पुसले गेलेले असते.

यावर उपाय सोपा आणि दिसायला कुरूप आहे. मार्गाशेजारी एक ‘दुबळा पूल’ ठेवावा. तीस सेंटिमीटरची लवचिक प्लास्टिकची पट्टी २५ सेंटिमीटर अंतरावरच्या दोन विटांवर आडवी ठेवा. प्रयोगशाळेतली ५० ग्रॅमची चार वजने आधी मधोमध एकावर एक रचा आणि पट्टी किती वाकली ते मोजा. मग तीच वजने टेकूपासून अंदाजे ३, ९, १६ आणि २२ सेंटिमीटरवर वाटून ठेवा. वाक दोन-तृतीयांशाच्याही किंचित खाली येतो आणि मध्यभागी पट्टीला वाकवणारे बलाघूर्ण निम्मे होते. वजन तेच, पट्टी तीच, फरक फक्त वाटणीचा. खरा रूळ स्लीपरांवर टेकलेला असतो, दोन विटांवर नव्हे, हे मुलांना सांगावेच. तरीही हे पाच मिनिटांचे काम बार्शी लाइटबद्दल जे सांगते ते हजारो रुपयांचे इंजिन सांगत नाही.

दुसरी फसवणूक वेगाची. समजा बागेतली गाडी सेकंदाला एक मीटर धावते. लांबीच्या हिशेबाने हा वेग २४ पट, म्हणजे ताशी ८६ किलोमीटर दिसतो. इतक्या वेगाने खरी नॅरोगेज गाडी त्या वळणावरून गेली तर रुळांवर राहणार नाही. ही मात्र खुशाल राहते. का? वळणावर गाडी उलटण्याची शक्यता वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या गुणिले गुरुत्वत्वरण या गुणोत्तरावर अवलंबून असते. त्रिज्या २४ पट लहान झाली, पण गुरुत्वत्वरण तेच राहिले. म्हणून उलटण्याच्या दृष्टीने तुल्य वेग काढताना २४ ने न गुणता २४ च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे ४.९ ने गुणावे लागते. तो येतो ताशी साडेसतरा किलोमीटर. एकच गाडी डोळ्यांना ८६ ची आणि वळणाला साडेसतराची! अकरावीच्या विद्यार्थ्यांनी हे कागदावर सोडवावे आणि मग वळणावर वेग वाढवत नेऊन पडताळावे. गाडी रुळांवरून घसरणे हा अशा वेळी अपघात नसून निरीक्षण असते.

प्रतिकृती कुठे खरे बोलते

सगळेच लहान होत नाही, आणि जे लहान होत नाही ते बागेतली गाडी प्रामाणिकपणे शिकवते. चढ हे गुणोत्तर आहे. पन्नासात एक चढ बागेतही पन्नासात एकच असतो आणि एक किलोची गाडी वर नेण्यासाठी त्या चढापायी २० ग्रॅमभाराचे जादा बल लागते. चाक आणि रूळ यांमधल्या घर्षणाचा गुणकही आकारावर अवलंबून नाही. म्हणून इंजिनाची चाके कोणत्या चढावर जागीच फिरू लागतात, तेल सांडल्यावर काय होते, वाळू टाकल्यावर काय होते, हे सारे येथे प्रत्यक्ष पाहता येते. एक मीटर फळीवर रूळ ठोकून तिचे टोक हळूहळू उचलावे. हलका धक्का दिल्यावर वाघीण सारख्या वेगाने जाऊ लागेल त्या उंचीवरून तिचा रोधगुणक मिळतो. टोक दोन सेंटिमीटर उचलावे लागले तर तो पन्नासात एक.

ऊनही लहान होत नाही. सोलापुरात डिसेंबरच्या पहाटेपासून मे महिन्याच्या दुपारपर्यंत उघड्यावरच्या रुळाच्या तापमानात ४५ अंश सेल्सिअसचा फरक सहज पडतो. पितळी रुळाची दहा मीटर लांबी तेवढ्यात साडेआठ मिलिमीटर वाढते, पोलादी रुळाची सुमारे साडेपाच. दोन्ही टोके पक्की बांधली आणि सांधे गच्च बसवले, तर रूळ बाजूला वळतो. हिवाळ्यात मार्ग टाकताना पितळी रुळाच्या मीटरमागे जवळजवळ एक मिलिमीटर फट सोडावी आणि ती दर महिन्याला मोजून वहीत लिहावी. वर्षाअखेर प्रसरणगुणक काढता येईल. पुस्तकातल्या आकड्याशी तो किती जुळला यापेक्षा का जुळला नाही यावरची चर्चा अधिक मोलाची ठरेल.

आणि जमीन. सोलापूरच्या बऱ्याच भागातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. तिच्यावर सरळ टाकलेला मार्ग एका वर्षात लाटांसारखा होतो. परदेशी पुस्तकांतल्या बागा वेगळ्या मातीच्या असल्याने त्यांतले सल्ले इथे तसेच्या तसे लागू पडत नाहीत. काळी माती काढून मुरूम लागेपर्यंत खणावे, नाहीतर चर मुरमाने भरून चोपावा. त्यावर कमरेएवढ्या उंचीचे विटांचे खांब घेऊन शहाबादी फरशी टाकावी आणि फरशीवर चाळलेली कच पसरून रूळ बसवावा. उंचीमुळे मुलांना वाकावे लागत नाही, पाणी साचत नाही आणि रुळाला डोळा लावून तो सरळ आहे की नाही हे पाहता येते. आवारात कडुलिंब असेल तर पाने आणि निंबोळ्या रोज झाडाव्या लागतील. हे काम शिपायाकडे देऊ नये. मार्गाची पाहणी करणारी मुलांची ‘गँग’ असावी, कारण रेल्वे चालते ती याच कामावर.

चालवण्यातले शिक्षण

पुण्यात कोथरूडला १९९८ साली सुरू झालेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय अनेक शिक्षकांनी पाहिले असेल. तिथली मांडणी १:८७ प्रमाणाची आणि दालनातली आहे. सिग्नल, स्थानके, रस्ते यांचा मेळ एका नजरेत दिसतो आणि ते काम देखणे आहे. मात्र तिथे आपण प्रेक्षक असतो. पेशवे उद्यानात १९५६ साली सुरू झालेल्या फुलराणीत मूल प्रवासी असते. शाळेच्या बागेतल्या गाडीत ते चालक, गार्ड आणि स्टेशनमास्तर होऊ शकते. या गाडीची हीच जमेची बाजू आहे आणि ती वाया जाऊ देऊ नये. एकेरी मार्गावर दोन गाड्या, मध्ये एक क्रॉसिंगचे स्थानक आणि एकच टोकन ठेवा. टोकन हातात असेल त्यानेच गाडी सोडायची, हा नियम पाळून तासाभराचे वेळापत्रक चालवणे प्रौढांनाही वाटते तितके सोपे नाही.

परंतु चालवण्यातला सर्वांत चांगला धडा कुर्डुवाडीचा आहे. येथे नॅरोगेजच्या वाघिणीतून माल उतरवून ब्रॉडगेजच्या वाघिणीत चढवावा लागे. प्रतिकृतीत ३२ मिलिमीटरच्या रुळाला समांतर ७० मिलिमीटरच्या रुळाचा एक तुकडा टाका. वाघिणीत १५ टन माल धरला तर क्विंटलची १५० पोती होतात. वाळू भरलेल्या १५० लहान पुरचुंड्या मुलांना एका वाघिणीतून दुसरीत एकेक करून हलवू द्या आणि घड्याळ लावा. मग तेवढ्याच वेळात गाडीने बार्शी-कुर्डुवाडी किती फेऱ्या केल्या असत्या ते मोजा. कॅलथ्रॉप यांनाही हा प्रश्न ठाऊक होता. १९०४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या, याच मापाच्या लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वेवर मोठ्या मापाची आख्खी वाघीण पाठीवर घेणाऱ्या वाहक गाड्या त्यांनी वापरल्या. बांधणीत वाचवलेला पैसा हमालीत आणि वेळेत कसा परत जातो, हे पुरचुंड्या हलवून थकलेल्या मुलाला समजावून सांगावे लागणार नाही.

इथे आणखी एक आक्षेप नोंदवतो. जुन्या गाडीच्या प्रतिकृतीभोवती हळहळीचे वातावरण तयार होते. ‘आपली छोटी गाडी गेली’ ही भावना खोटी नाही. पंढरीच्या वारकऱ्यांपासून बाजाराला निघालेल्या शेतकऱ्यांपर्यंत अनेकांची ती गाडी होती. पण ती का आली आणि का गेली, ही दोन्ही कारणे मांडली नाहीत तर ती आठवण अपुरी राहते. हलक्या रुळाने बार्शीला रेल्वे परवडू दिली. मापांच्या फरकाने तीच रेल्वे पुढे अडचणीची झाली. हे दोन्ही खरे आहे.

दोन सावधगिरीच्या सूचना

वाफेच्या इंजिनाचा मोह अनेकांना होईल. लहान बॉयलरमध्ये पाण्याच्या मानाने उष्णता गमावणारा पृष्ठभाग २४ पट अधिक असतो, म्हणून त्याची कार्यक्षमता फारच कमी असते; हा धडा चांगला आहे. परंतु घरी डाख दिलेला दाबाचा बॉयलर मुलांमध्ये चालवणे आम्हाला अजिबात मान्य नाही. शाळेसाठी बॅटरीची मोटार पुरे. दुसरे असे की वीज रुळांतून देऊ नये. धुळीमुळे चाक आणि रूळ यांचा संपर्क तुटतो आणि सारा वेळ रूळ पुसण्यात जातो. बॅटरी इंजिनामागच्या डब्यात ठेवावी.

बागेतली आगगाडी हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो, ही कल्पना नवी नाही. सर आर्थर हेवुड यांनी १८७४ साली इंग्लंडमध्ये डफिल्ड बँक येथील आपल्या घराच्या आवारात १५ इंची मार्ग बांधला, तो उपयोगाची रेल्वे किती लहान असू शकते हे अजमावण्यासाठी. ती कशाचीही प्रतिकृती नव्हती, प्रयोग होता. आपल्या शाळांतल्या गाडीने प्रतिकृती आणि प्रयोग असे दोन्ही व्हावे, एवढीच आमची अपेक्षा आहे. तेव्हा पुढच्या प्रदर्शनात अशी गाडी समोर आली, तर परीक्षकांनी रंगाकडे पाहण्याआधी मुलांना तीन प्रश्न विचारावेत. ही नेमक्या कोणत्या रेल्वेची गाडी आहे आणि मापाचे प्रमाण कसे ठरवले? मूळच्या गाडीतली कोणती गोष्ट हिच्यात खरी उतरलेली नाही? आणि ती दाखवण्यासाठी तुम्ही शेजारी काय ठेवले आहे? तिसऱ्या प्रश्नाला एखाद्या मुलाने दोन विटांवरची वाकलेली पट्टी पुढे केली, तर थर्मोकोलचा फलाट थोडा वाकडा असला तरी चालेल.